सनद हातात येण्याआधी दिवाणी अशिलाचं काम कसं शिकायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारी, तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षातली विद्यार्थिनी विचारते आहे : सनद मिळण्याआधी दिवाणी अशिलाची बाजू मांडता येते का? येत नसेल तर खरा अनुभव घ्यायचा कसा? आणि वर्गातले सगळे इंटर्नशिपला नागपूरला हायकोर्टात जात असताना मी गावाकडे थांबले तर माझं नुकसान होईल का? मी विदर्भातल्या तालुका कोर्टात दिवाणी कामं करतो, विधी सेवेच्या पॅनलवर आहे, आणि विद्यार्थी माझ्याकडे येऊन बसत असतात. म्हणून सविस्तर सांगतो.

आधी कायदा. दिवाणी न्यायालयात विद्यार्थ्याला अशिलातर्फे उभं राहता येत नाही. अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 33 प्रमाणे नोंदणी झालेल्या वकिलालाच वकिली करता येते, आणि नोंदणी नसताना ती केली तर कलम 45 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम 32 मध्ये न्यायालय एखाद्या प्रकरणापुरती वकील नसलेल्या माणसाला परवानगी देऊ शकतं. पण तो अपवाद आहे, न्यायाधीशांच्या विवेकावर आहे, आणि त्याच्या भरवशावर शिक्षण होत नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत वरच्या वर्गातली मुलं वकिलाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष कोर्टात उभी राहतात. आपल्याकडे तशी तरतूद नाही. हा विषय इथेच संपतो, त्यावर खंत करण्यात वेळ घालवू नका.

कारण दिवाणी दाव्यात न्यायाधीशांसमोर तोंड उघडायची वेळ येईपर्यंत प्रकरण बरंचसं ठरून गेलेलं असतं. अशील पहिल्यांदा समोर बसतो तेव्हा त्याला काय विचारलं, कोणते कागद मागितले, जागेवर जाऊन काय पाहिलं, कोणाला प्रतिवादी केलं आणि कोणाला विसरलो, यावर दावा उभा राहतो किंवा पडतो. हे सगळं काम विद्यार्थ्याला करता येतं, कायद्यात बसवून करता येतं, आणि खरं सांगायचं तर गर्दीच्या वकिलापेक्षा विद्यार्थ्याकडे त्यासाठी वेळ जास्त असतो. माझा आग्रह एकच आहे : दहा फायलींची धूळ झटकण्यापेक्षा एक अशील निवडा आणि पहिल्या बैठकीपासून निशाणी 5 च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाच्या अर्जावरच्या, आदेशापर्यंत त्याच्या मागे राहा.

म्हणजे नेमकं काय, ते आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका प्रकारच्या प्रकरणावरून सांगतो. पंचेचाळिशीची बाई, नवरा गेलेला, हातात कापडी थैली. थैलीत राशन कार्ड, बँकेचं पासबुक, पीककर्जाची नोटीस, विजेचं बिल, मुलाच्या शाळेचा दाखला आणि घडी पडून फाटायला आलेला एक सातबारा. ती बसल्याबरोबर म्हणते, "दिरानं वावर खाल्लं, सायेब. पटवाऱ्याले पैसे देऊन नाव काढलं माह्या मालकाचं." विद्यार्थी लगेच लिहितो : दिराने बेकायदेशीर कब्जा केला, तलाठ्याशी संगनमत, वाटणीचा व ताब्याचा दावा. पाच मिनिटांत प्रकरण तयार!

थांबायला इथेच शिकावं लागतं. तिला आधी पूर्ण बोलू द्या. ती मूळ मुद्दा सोडून सासूच्या आजारपणावर जाईल, लग्नात दिलेल्या बैलजोडीवर जाईल. जाऊ द्या, त्यातच तुमची माहिती असते. मग तारखा. "कोणत्या तारखेला?" असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, किंवा चुकीचं मिळेल आणि ते उलटतपासणीत अंगावर येईल. असं विचारा : "काकू, मामंजी गेले तवा मोठा पोरगा किती वर्गात होता?" "कर्जमाफी झाली त्याच्या आधी का नंतर?" "त्या साली वावरात कापूस होता का सोयाबीन?" गावातल्या माणसाचं साल हंगामावर, लग्नावर, मरणावर बांधलेलं असतं. ते धरून ठेवा, दाखल्यांवरून तारीख नंतर काढता येते. आणि बोलताना तिच्या बोलीत बोला. तुम्ही यवतमाळच्या आहात, मेळघाटच्या किंवा मुंबईच्या नाही. "वहिवाट", "हस्तांतरण" हे शब्द टिपणात वापरा, तिच्याशी बोलताना "वाहतं कोण?" एवढंच विचारा.

मग ताबा. यंदा पेरलं कोणी? वखरणी कोणाच्या बैलांनी, ट्रॅक्टर कोणाचा? कापूस कोणाच्या नावावर विकला, पट्टी कुठे आहे? ई-पीक पाहणीत पेरा कोणी लावला? या प्रश्नांची उत्तरं मनाई हुकमाच्या अर्जाचा निकाल ठरवतात, कारण निशाणी 5 वर न्यायाधीश आधी बघतात ते सकृद्दर्शनी ताबा कोणाचा आहे ते.

आता तिच्या त्या सातबाऱ्याकडे या. सातबारा हा आजचा फोटो असतो, गोष्ट फेरफारात, म्हणजे नावं कधी आणि कशी बदलली त्या नोंदीत, असते. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक वर्तुळात लिहिलेले असतात. एकेक क्रमांक घेऊन गाव नमुना सहाचा उतारा काढा, वारसाच्या नोंदींसाठी सहा-क बघा, आणि खात्यासाठी आठ-अ. आम्ही विद्यार्थ्याला तहसीलच्या अभिलेख कक्षात पाठवतो तेव्हा तो बहुधा ताजा संगणकीकृत उतारा घेऊन परत येतो. जुना हस्तलिखित उतारा आणायला त्याला पुन्हा जावं लागतं. आणि या प्रकारच्या प्रकरणात हस्तलिखितात सापडतं काय, तर सासऱ्यांच्या मृत्यूनंतरच्या नोंदीत थोरल्या मुलाच्या नावापुढे बारीक अक्षरात "ए. कु. पु." लिहिलेलं असतं. एकत्र कुटुंबाचा पुढारी. म्हणजे दिराचं नाव लागलं ते सगळ्यांच्या वतीनं लागलं. पुढच्या उताऱ्यात ती तीन अक्षरं गळाली आणि दीर एकटाच मालक दिसायला लागला. पटवाऱ्यानं पैसे घेतले की नाही हे सिद्ध करायची गरजच उरत नाही. नवऱ्याचं नाव "काढलं" नव्हतंच, ते स्वतंत्रपणे कधी लागलंच नव्हतं. दाव्याचा सगळा सूर बदलतो. लबाडीचा आरोप करून तो सिद्ध करण्याच्या ओझ्याखाली दबण्याऐवजी, एकत्र कुटुंबाची मिळकत, वाटणी झालेली नाही, एका सहहिस्सेदाराचा ताबा तो सगळ्यांचा ताबा, असा सरळ दावा उभा राहतो.

त्यातही एक प्रश्न ती बाई आपणहून सांगत नाही, तो तुम्ही विचारायचा : "नणंदा किती?" हिंदू उत्तराधिकार कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुम्ही परीक्षेला पाठ केला असेल : मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार, दुरुस्तीच्या दिवशी बाप जिवंत असण्याची अट नाही. तो निकाल इथे येऊन बसतो. नणंदांना पक्षकार केलं नाही तर वाटणीचा दावा आवश्यक पक्षकार नसल्याच्या मुद्द्यावर अडतो. गावात उत्तर मिळेल, "त्याईनं तर हक्क सोडला, पटवाऱ्यापाशी सही देल्ली." पटवाऱ्यापुढच्या जबाबाने स्थावराचा हक्क सुटत नाही, हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. आणि फेरफाराने मालकी येत नाही की जात नाही, ती नोंद महसुलापुरती, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. तरीही फेरफार बिघडलेला असेल तर तोही दुरुस्त करायचा असतो. मंडळ अधिकाऱ्याच्या प्रमाणित नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 247 खाली होतं, मुदत साठ दिवस, आणि उशीर झाला तर माफीचा अर्ज. 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन राज्यभर गेलेल्या "जिवंत सातबारा" मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याचं काम झालं. तुमच्या अशिलाच्या गावात त्या मोहिमेत काय नोंद झाली, कोणाचं नाव राहिलं, हेही तपासा.

हे सगळं कायदेशीर चौकटीत करायचा रस्ता म्हणजे विधी सेवा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 खाली स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, मुलांना, दिव्यांगांना, कोठडीतल्या माणसांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे. तालुका विधी सेवा समिती तुमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच असते, तालुक्यातले सर्वात वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. विद्यार्थ्यांना सनद होईपर्यंत विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. जिल्हा प्राधिकरण प्रशिक्षण देतं, ओळखपत्र देतं. ते ओळखपत्र गळ्यात असलं की तहसीलच्या खिडकीवर तुमच्याशी बोलण्याची पद्धत बदलते, हा अनुभव प्रत्येक मुलाने येऊन सांगितला आहे. त्या बाईला अर्ज भरून देणं, पॅनल वकील नेमला जाईपर्यंत पाठपुरावा करणं, नेमलेल्या वकिलासमोर तिला घेऊन बसणं आणि तिच्या तोंडून आलेली हकीकत टिपणात उतरवून देणं हे स्वयंसेवकाचं काम आहे आणि तेच उत्तम प्रशिक्षण आहे. त्यातही महाराष्ट्रात 1994 पासून स्त्रियांना मालमत्तेच्या, पोटगीच्या, घटस्फोटाच्या आणि छळाच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. हे अजूनही कित्येक बायांना माहीत नसतं आणि "दाव्याले पैसे कुठून आणू" म्हणून त्या घरी बसतात. एवढं एक वाक्य गावोगाव पोचवलंत तरी काम झालं म्हणायचं.

कॉलेजच्या विधी सेवा केंद्राबद्दल स्पष्ट बोलतो. कायद्यात त्याची जागा आहे, 1987 च्या अधिनियमात विद्यापीठं आणि विधी महाविद्यालयांमधून अशी केंद्रं चालवण्याची अपेक्षा लिहिलेली आहे. पण बऱ्याच ठिकाणी ते केंद्र फलकापुरतं असतं, वर्षातून एक शिबिर, एक बॅनर, एक फोटो. तसंच प्रात्यक्षिकाच्या पेपरचं. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात मूट कोर्टाला, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्याला, 30 गुण आहेत, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघून टिपणं लिहायला 30, वकिलाच्या कार्यालयात किंवा विधी सेवा केंद्रात अशिलाच्या मुलाखती पाहून दाव्याआधीची तयारी लिहायला 30, आणि तोंडी परीक्षेला 10. किती सुंदर रचना आहे ही! आणि मुलं काय करतात, तर मागच्या वर्षीच्या मुलाची डायरी उतरवतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण हाच पेपर प्रामाणिकपणे केला तर पुढची पाच वर्षं वाचतात. दिवाणी खटला बघायचा तर साक्षीपुराव्याला लागलेला निवडा. आधी नक्कल काढून दावा आणि कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) वाचा, मुद्दे स्वतः काढून बघा, मग न्यायालयाने काढलेल्या मुद्द्यांशी ताडून बघा, आणि त्यानंतर उलटतपासणी ऐकायला बसा. न वाचता कोर्टात बसलात तर सगळं नुसतं पुटपुटणं वाटेल.

आता जागेवर जाण्याबद्दल. मिरग लागला की आमच्याकडे रस्त्याचे आणि धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे, वाद उफाळतात. शेजाऱ्यानं नांगरताना धुरा दोन तास (नांगराच्या दोन ओळी) खाल्ला, पांदण रस्त्यावर काट्या टाकल्या, नाली खोदली. वावरात बियाणं जायला रस्ता नाही आणि पाऊस तर येऊन ठेपला, म्हणून कास्तकार धावत येतो. "रस्ता अडवला" हे एकच वाक्य तो बोलतो, पण त्यामागे कायद्याने दोन अगदी वेगळे प्रकार असतात. वहिवाटीचा रस्ता होता आणि कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा, तोही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ता मुळात नव्हताच आणि धुऱ्यावरून नवा हवा आहे, तर जमीन महसूल संहितेचं कलम 143, आणि त्या आदेशाने नाराज असलेल्याला एका वर्षात दिवाणी न्यायालयात जाता येतं. चुकीच्या कलमाखाली अर्ज गेला की हंगाम हातचा जातो. कोणतं कलम हे कार्यालयात बसून ठरत नाही, त्यासाठी वावरात जावं लागतं.

जाताना गाव नकाशाची प्रत घ्या. नकाशात गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. मग उभं राहून बघा : बैलगाडीच्या चाकोऱ्या मुरलेल्या दिसतात का? दोन्ही बाजूंची झाडं किती जुनी? रस्त्याच्या पट्ट्यात जमीन घट्ट आहे की यंदाच नांगरून मऊ केलेली? पुढच्या वावरातली विहीर कधीची, तिची सिमेंटची रिंग कोणत्या वाटेने आली असेल? शेजारच्या कास्तकारांना विचारा, पण दोन्ही बाजूंच्या. आणि कागदावर हाताने नकाशा काढा, दिशा दाखवून, गट क्रमांक टाकून. मोबाइलचा फोटो हवाच, तरी हातानं काढलेल्या नकाशाने जी समज येते ती फोटोने येत नाही. आमच्याकडच्या एका मुलीने असा नकाशा काढताना लक्षात आणून दिलं की अर्जात लिहिलेली पूर्व बाजू प्रत्यक्षात उत्तर होती. चतुःसीमा चुकली की पुढे हुकूमनामा मिळूनही बेलिफाला कब्जा देता येत नाही, म्हणून मी त्या मुलीचं नाव अजून काढतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 7 नियम 3 मिळकतीचं वर्णन ओळखता येईल असं मागतो, तो नियम तिला वावरात उभं राहून कळला. वर्णन लिहिताना आपल्या भागाचीही जाण हवी : नागपूरकडे मौजा, पटवारी हलका नंबर, खसरा नंबर असं येतं, वऱ्हाडात गट किंवा सर्व्हे नंबर. जुने कुळाचे कागद निघाले तर विदर्भासाठी 1958 चा वेगळा कुळकायदा आहे, पुण्याच्या पुस्तकातला 1948 चा नव्हे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचा उरलेला भाग असा, की काही ठिकाणी विद्यार्थ्याला खरोखर उभं राहता येतं. त्यात सर्वात महत्त्वाचा जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदाराला वकील नसलेला प्रतिनिधी देता येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सी. वेंकटाचलम प्रकरणात ते मान्य केलं. मात्र प्रतिनिधीने मोबदला घेऊन धंदा मांडायचा नाही, आणि आयोगाची परवानगी व शिस्त पाळायची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षं. विदर्भात हे क्षेत्र म्हणजे बियाणं. सोयाबीन उगवलं नाही, कपाशीची बोगस थैली निघाली. कास्तकाराला सांगायची पहिली गोष्ट : पक्कं बिल, लॉट नंबर असलेली रिकामी थैली आणि टॅग फेकू नका, दुबार पेरणीआधी तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार देऊन समितीचा पंचनामा करून घ्या. कंपनी हमखास म्हणते की बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचं उत्तर दिलेलं आहे : शेतकरी ग्राहक आहे, आणि त्याने सगळं बियाणं पेरलेलं असताना तपासणीसाठी नमुना राखून ठेवायला हवा होता असं म्हणता येत नाही. एका विद्यार्थ्याने वकिलाच्या देखरेखीखाली अशी एक तक्रार शपथपत्रापासून युक्तिवादापर्यंत नेली, तर त्याला मूट कोर्टाच्या दहा स्पर्धांपेक्षा जास्त मिळेल.

गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटकडच्या मुलांसाठी वनहक्काचे दावे आहेत. तिथे ग्रामसभा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, सगळा कारभार वकिलाशिवाय चालतो आणि कागदांची जुळणी कोणीतरी करावीच लागते. 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवायचा, एकापेक्षा जास्त पुरावे द्यायचे, त्यात गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाबही चालतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) सारख्या गावाने सामूहिक हक्क मिळवले ते कायदा वाचून, बसून, चर्चा करून. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह प्राधिकरणातही आई-बाप स्वतः अर्ज करू शकत नसतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती अर्ज करू शकते. माहिती अधिकार तर कोणत्याही नागरिकाला खुला आहे. फेरफाराची मूळ कागदपत्रं मिळेनात तेव्हा दहा रुपयांच्या त्या अर्जाने कित्येक दावे सावरले आहेत.

पण मर्यादा नीट ओळखा. अशिलाकडून पैसा घ्यायचा नाही, चहाच्या नावाखालीही नाही. "केस जिंकून देतो" हे वाक्य तोंडातून जाऊ द्यायचं नाही. कायद्याचा सल्ला वकिलाचा, तुम्ही ऐकायचं, लिहायचं, शोधायचं आणि वकिलापुढे मांडायचं. तिने सांगितलेली गोष्ट वकिलाच्या फायलीत राहू द्या. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 132 चं संरक्षण आहे, ते वकिलाच्या हाताखाली काम करणाऱ्यांपर्यंत जातं. तुम्ही स्वतंत्रपणे पारावर बसून ऐकलेल्या गोष्टीला ते नसतं. टिपणांचे फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकणं तर सरळ विश्वासघात आहे.

गावाकडच्या विद्यार्थ्याची एक अडचण शहरातल्या मुलांना येत नाही. ज्या दिराविरुद्ध दावा आहे तो तुमच्या बाबांचा मित्र असतो, सरपंच तुमचा मामा असतो, आणि संध्याकाळी घरी कोणीतरी सहज विचारतं, "काय म्हणे ती?" असं नातं असेल तर पहिल्याच दिवशी वकिलाला सांगा आणि ते प्रकरण सोडा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. न सांगता फाइल हाताळलीत तर मात्र गावात तुमचा शब्द जन्मभरासाठी हलका होतो, आणि तालुक्याच्या वकिलाकडे शब्दाशिवाय दुसरं भांडवल नसतं.

मराठी लिखाणाचंही बघा. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. इंग्रजीतून पेपर लिहिणारी हुशार मुलं "दाव्यास कारण" हा परिच्छेद मराठीत लिहायला बसली की अडखळतात. दररोज एक जुना दावा हाताने उतरवून काढा, नुसता वाचू नका. महिनाभरात वाक्याची ठेवण हाताला लागते : वादी कोण, मिळकत कोणती, हक्क कसा आला, अडथळा कधी व कसा आला, मागणी काय. वकील लिहितो त्यापेक्षा सोपं लिहिता आलं तर जरूर लिहा, न्यायाधीशांना ते आवडतं.

राहिला नागपूरचा प्रश्न. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे इंटर्नशिप लागते, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे तुमच्याकडे चार-चार आठवड्यांचे तीन तुकडे आहेत. त्यातला एक नागपूर खंडपीठात जरूर घालवा, पण शेवटच्या वर्षी. तिथे दिवाणीतली दुसरी अपिलं आणि महसुली आदेशांविरुद्धच्या याचिका चालतात. तालुक्यात एक प्रकरण जवळून पाहिलेलं असेल तर अपिलाची पेपरबुक (खालच्या कोर्टातल्या कागदांचा संच) वाचताना कळतं की उलटतपासणीतला कोणता न विचारलेला प्रश्न इतक्या वर्षांनी महागात पडला. तालुका न पाहता तिथे गेलात तर महिनाभर निकालांचे सारांश काढाल आणि परत याल.

दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेचा विचार असेल तर 20 मे 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात घ्या. कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे आणि ती तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जाते. विद्यार्थी म्हणून केलेलं काम त्यात धरलं जात नाही. म्हणून निकाल लागताच नोंदणीचा अर्ज करा, बार परीक्षेची वाट पाहत महिने घालवू नका. ज्यांनी शिकताना एक तरी अशील शेवटपर्यंत नेलेला असतो, त्यांना त्या तीन वर्षांत सीनियर पहिल्या महिन्यातच साक्षीदाराची तयारी करायला देतो. बाकीचे वर्षभर तारखा घेत फिरतात.

दुसऱ्या वर्षाचे चार आठवडे तुमच्या तालुक्यातच लावा, आणि मे महिन्यात लावू नका, कारण तेव्हा दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते आणि तुम्ही रिकाम्या आवारात बसाल. जूनचा दुसरा आठवडा ते जुलैचा पहिला आठवडा घ्या. न्यायालय सुरू झालेलं असतं, तहसीलमध्ये रस्त्यांचे अर्ज येत असतात, बियाण्यांच्या तक्रारी त्याच सुमारास सुरू होतात. आत्ताच तालुका विधी सेवा समितीत जाऊन स्वयंसेवकाचा अर्ज द्या, जिल्ह्याचं प्रशिक्षण कधी आहे ते विचारा, आणि दिवाणी कामं करणाऱ्या एखाद्या वकिलाला थेट भेटून सांगा की मला एकच अशील द्या, शेवटपर्यंत.